मीठ मागता येईपर्यंत गाणं नाही

मोरागच्या फायलीत एक वाक्य आहे : ‘रुग्णाचं बोलणं निरर्थक, संवाद शक्य नाही.’ ते चूक आहे. मी तोंडी चार वेळा सांगितलं, दोनदा लेखी दिलं. त्याच्याखाली एक ओळ वाढवली गेली, पण वरचं वाक्य कुणी खोडलं नाही. मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. चूक शोधायची आणि ती दुरुस्त होईपर्यंत लोकांच्या मागे लागायचं, याचाच एकोणीस वर्षं मला पगार मिळतो. ही एक चूक मात्र माझ्याकडून दुरुस्त झाली नाही. मोराग तर आता गेली. म्हणून निदान इथे लिहून ठेवते.

अमेरिकेतल्या हर्नडनमध्ये आमची रांगेतली घरं, एकाला एक चिकटून. तिची आणि आमची भिंत एकच. आम्ही राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात भिंतीपलीकडून एका बाईचं भांडण ऐकू यायला लागलं. रोज सकाळी सात वाजता. समोरच्या माणसाचा आवाज शांत, हिचा चढा. चौथ्या दिवशी मी न राहवून दार वाजवलं. उंच, हाडापेराची, पांढऱ्या केसांची बाई बाहेर आली. हातात चहाचा मग.

“सगळं ठीक आहे ना?” मी विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “हा गाढव म्हणतोय उद्या पाऊस नाही. त्याला वाऱ्यातलं काय कळतं?”

‘हा’ म्हणजे रेडिओवर बातम्या देणारा. इंटरनेटवरून ती रोज तिच्या मुलखातलं स्टेशन लावायची आणि निवेदकाच्या प्रत्येक वाक्याला उत्तर द्यायची. भाषा गेलिक. ती स्वतः ‘गालिक’ म्हणायची. स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात जी बेटं आहेत, त्यांतल्या एकावर ती जन्मली. अमेरिकन नौदलातल्या माणसाशी लग्न करून इकडे आली, सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली, नवऱ्याला पोचवलं आणि एकटी राहिली. दर रविवारी बेटावरच्या बहिणीला फोन असायचा. ती बहीण वारली, आणि मोरागला “आज काय जेवलीस?” असं तिच्या भाषेत विचारणारं पृथ्वीवर कुणी उरलं नाही. रेडिओशी भांडण त्याआधीपासूनचं, पण त्यानंतर त्याचा आवाज वाढला.

वयानं ती माझ्या आईच्या बरोबरीची, पण तिच्याशी कुणी हळुवार बोललं की तिला राग येई. बसमध्ये पन्नास पोरं सांभाळलेली बाई. गाडी सुरू करण्याआधी ती रोज गेलिकमध्ये एकच आरोळी ठोकायची, “सुइ शीअस!” म्हणजे खाली बसा. एकदा आम्ही किराणा दुकानाच्या रांगेत उभ्या होतो. पुढे चाळिशीचा, दाढीवाला, सूट घातलेला माणूस फोनवर बोलत होता. मोराग मागून ओरडली, “सुइ शीअस!” तो माणूस दचकून खरोखर गुडघ्यात वाकला, मग वळून बघत म्हणाला, “मिस मोराग?” त्यानं तिला मिठी मारली. ती परतताना गाडीत म्हणाली, “बघ. सरकारनं एक डॉलर न घालता मी या काउंटीत हजारभर लोकांना दोन शब्द शिकवले.”

डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर तिचं गाडी चालवणं बंद झालं. त्यामुळे शनिवारी दुपारी तिला वाचनालयात सोडण्याचं काम माझ्याकडे आलं. तिथल्या एका खोलीत दोन ते चार ती गेलिक शिकवायची. दोन तासांसाठी घरी परत येणं परवडत नव्हतं, म्हणून मीही कोपऱ्यात बसून राहायची. जाताना गाडीत ती सतत, “आरसा! आरसा बघ!” असं ओरडायची. तेवढं मात्र इंग्रजीत. वाचनालयाच्या त्या खोलीचं दार ओलांडलं की इंग्रजी बंद.

वर्ग म्हणजे एक टेबल. त्यावर घरून आणलेला टेबलक्लॉथ, उकडलेले बटाटे, पाव, लोणी, पाण्याचा जग आणि मिठाची बाटली. वाचनालयात खायला बंदी आहे असं तिथली बाई सांगायला आली, तेव्हा मोराग म्हणाली, “हे खाणं नाही, हे पाठ्यपुस्तक आहे.” नियम एकच : जे मागता येईल ते मिळेल. पहिल्या दिवशी कुणाला काही मिळत नसे.

तीन वर्षांत त्या वर्गात चौदा माणसं आली. मला मोजायची सवय आहे. पाच जण आपलं आडनाव स्कॉटिश आहे म्हणून आले. चौघांना गाणी म्हणायची होती. तिघांना दंडावर गोंदवून घ्यायला एखादं वाक्य हवं होतं. एका बाईला लग्नातली शपथ त्या भाषेत घ्यायची होती. चौदावा डग. त्याच्याविषयी पुढे सांगते.

गाणी म्हणायला आलेल्यांवर तिचा फार राग. “मीठ मागता येईपर्यंत गाणं नाही,” ती बजावायची. “गाणं पाठ करायला भाषा लागत नाही. पोपटही करतो.” गोंदवणाऱ्या एकाला तिनं विचारलं, “दंडावर लिहिशील. थंडी वाजली तर त्या दंडाला काय म्हणशील?” त्याला सांगता आलं नाही. तो पुन्हा आलाही नाही. मी गाडीत म्हटलं, “मोराग, तू अशी बोललीस तर कोण टिकेल?”

“रेखा,” ती म्हणाली, “लोकांना माझी भाषा भिंतीवर लावायला हवी आहे. घरात घ्यायला नको आहे. भिंतीवर काय लावतात? मेलेल्यांचे फोटो.”

डगचं तसं नव्हतं. तो हीटर आणि एसी दुरुस्त करणारा. पन्नाशीचा, ढेरपोट्या, आडनावात स्कॉटलंडचा मागमूस नाही. जानेवारीत तिचं घर गरम ठेवणारी भट्टी बंद पडली तेव्हा तो आला आणि दार उघडं टाकून अवजारं आत आणायला लागला. ती ओरडली, “दून अन दोरस!” त्यानं दार लावलं. मग विचारलं, “ही कुठली भाषा? आणि मला ती कळली कशी?” पुढच्या शनिवारी तो बटाट्यांसमोर हजर. पहिल्या दिवशी उपाशी राहिला. दुसऱ्या शनिवारी पाणी मिळालं. सातव्या शनिवारी त्यानं बटाटा, लोणी आणि मीठ एका वाक्यात मागितलं, तेव्हा मोरागनं सगळी थाळी त्याच्याकडे ढकलली आणि तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसली.

बहीण गेल्यावर डग रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत व्हॅनमधून तिला फोन करू लागला. दहा मिनिटं. हवा कशी आहे, काय खाल्लं, कोणत्या घरी कोणता पंप जळला. भिंतीपलीकडून मला तिचं हसणं ऐकू यायचं. भाषा टिकवण्याबद्दल मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत, आमच्या मराठी मेळाव्यांतही. हर्नडनमध्ये गेलिक टिकून होती ती या दहा मिनिटांत.

आता माझी चूक. ती लिहिल्याशिवाय दुसऱ्यांच्या चुका लिहिण्याचा मला अधिकार नाही.

दर एप्रिलमध्ये आम्ही जयंती करतो. नागपूर, अमरावती, पुणे, कुठकुठले लोक एका भाड्याच्या हॉलमध्ये जमतात. वंदना, भाषणं, मुलांचे कार्यक्रम, जेवण. त्या वर्षी सूत्रसंचालन माझ्याकडे होतं आणि मी मोरागला बोलावलं होतं. ती निळा कोट घालून पहिल्या रांगेत बसली. हॉलमध्ये तिच्याशिवाय एकोणचाळीस माणसं. मराठी न कळणारी ती एकटी. मी माइक हातात घेतला आणि इंग्रजीत म्हटलं, “आज आपल्यात एक पाहुण्या आहेत, तर आपण कार्यक्रम इंग्रजीत करू या.” कुणी कुरकुर केली नाही. मुलं तर खूशच झाली.

वानखेडे काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. मुलाकडे राहतात, मूळचे नागपूरचे. त्यांनी भाषण लिहून आणलं होतं, कागद चांगले पाच-सहा होते. माझी घोषणा ऐकून त्यांनी ते कागद घडी करून कोटाच्या खिशात घातले. मग उभे राहून इंग्रजीत म्हणाले, शिक्षण महत्त्वाचं आहे, एकजूट महत्त्वाची आहे, थँक यू, जय भीम. आणि बसले. टाळ्या झाल्या.

परतताना मोराग आरशाबद्दलही बोलली नाही. तिसऱ्या सिग्नलला म्हणाली, “त्या म्हाताऱ्याच्या कागदावर काय होतं?”

“माहीत नाही.”

“ते वाचायला किती वेळ लागला असता?”

“वीस मिनिटं तरी.”

“तो दोन मिनिटं बोलला. म्हणजे अठरा मिनिटं मी खाल्ली. मी तुझ्याकडे इंग्रजी मागितली होती?”

“अगं, पाहुणी म्हणून... तुला काही कळलं नसतं.”

“न कळण्यानं मी मेले असते का?” ती एवढ्या जोरात ओरडली की मी गाडी बाजूला घेतली. मग तिथे, एका पेट्रोल पंपाच्या कडेला, तिनं वडिलांच्या मृत्यूची गोष्ट सांगितली.

तिच्या बेटावर माणूस गेला की दफनापर्यंत शेजारपाजारी प्रेताजवळ बसतात. गेलेल्याच्या गोष्टी निघतात. तिचे वडील गेले तेव्हा खोलीत एकवीस माणसं होती. सगळी एकमेकांत जन्मलेली, सगळी गेलिक बोलणारी. तेवढ्यात बँकेचा एक कारकून शोक व्यक्त करायला आला. बाहेरगावचा, भला माणूस, पण गेलिक येत नव्हती. तो बसला आणि सगळी खोली इंग्रजीत गेली. कुणी ठरवलं नाही, कुणी सांगितलं नाही. ती तिथली रीत. बाहेरच्या एका माणसासमोर आपली भाषा बोलणं म्हणजे असभ्यपणा. मोरागच्या आईला इंग्रजी जेमतेम येई. नवऱ्याच्या प्रेतापाशी, स्वतःच्या घरात, स्वतःच्या माणसांत ती बाई दीड तास मुकी बसली. लोक तिच्या नवऱ्याच्या गोष्टी सांगत होते आणि तिला त्या कळत नव्हत्या.

“आम्हांला शाळेत मारलं, ते खरं,” मोराग म्हणाली. “पण उरलेलं आम्ही स्वतः केलं. सभ्यपणानं. दर वेळी एका माणसासाठी. आणि आज तू मला तो बँकेचा कारकून केलंस.”

मला राग आला होता, आणि तो तिच्यावर काढता येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तिनं मला वानखेडे काकांच्या घरी न्यायला लावलं. काका घाबरलेच. मला म्हणाले, “काय बाप्पा, भाषण त्या बाईला काऊन ऐकायचं आहे? तिला काय समजणार?”

“समजणार नाही, हे तिला माहीत आहे, काका. तुम्ही वाचा.”

त्यांनी चष्मा लावला. ते भाषण त्यांच्या आईविषयी होतं. ती बिडीच्या कारखान्यात काम करायची. मुलाची पाटी घेऊन ती चोरून अक्षरं गिरवायची आणि सकाळी मुलाला पाटी ओली सापडायची, कारण पुसून ठेवलेली असायची. त्यांना वाटायचं, घर गळतं. कितीतरी वर्षांनी कळलं. मोराग मांडीवर पर्स धरून, पाठ ताठ करून बसली होती. चोवीस मिनिटं. माझा अंदाज चार मिनिटांनी चुकला. शेवटी ती “ग्ले वा,” म्हणाली, म्हणजे फार छान. काका “जय भीम” म्हणाले. तीही म्हणाली.

बाहेर आल्यावर मी अर्थ सांगायला तोंड उघडलं. “नको,” ती म्हणाली. “तो त्या एकोणचाळीस माणसांना सांग. त्यांना लागेल.” पुढच्या वर्षी काकांनी ते भाषण हॉलमध्ये वाचलं. माझी मुलगी मैत्री, जी घरी मराठीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते, ती गाडीत म्हणाली, “ती स्लेट ओली का होती, आई?” तिला कळलं नव्हतं म्हणून तिनं विचारलं. मराठीत विचारलं. मी फार आनंद दाखवला नाही. नुसतं सांगितलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात मोरागला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. रुग्णालयातून तिला एका शुश्रूषा केंद्रात हलवलं. केंद्राचं नाव लिहीत नाही; तिथली माणसं वाईट नव्हती, हीच तर अडचण आहे. नात्याचं कुणी नव्हतं. कागदावर डग आणि मी अशी दोन नावं तिनं आधीच लिहून ठेवली होती.

पाचव्या दिवशी मी गेले तेव्हा ती डावा हात उचलून सारखं काहीतरी म्हणत होती. मदतनीस बाई म्हणाली, “सकाळपासून अशीच आवाज करते आहे. अस्वस्थ आहे.” मी कान दिला.

“उश्के,” मोराग म्हणत होती. “उश्के.”

तीन वर्षं शनिवारी कोपऱ्यात बसून मी जे थोडे शब्द उचलले होते, त्यांतला हा दुसरा. पाणी. पाण्याचा जग त्याच खोलीत होता, पलंगापासून सहा फुटांवर. तिला गिळता येतं का हे मी नर्सला विचारलं. येतं, म्हणाली. मोराग दोन ग्लास पाणी प्यायली आणि तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी गाडीचा आरसा बघायला विसरले होते.

त्या पक्षाघातात तिची इंग्रजी गेली होती. गेलिक राहिली होती. सकाळपासून ती पाणी मागत होती आणि फायलीत लिहिलं जात होतं : निरर्थक.

मी तिथल्या प्रमुख बाईंना भेटले. त्या म्हणाल्या, बोलण्याची तपासणी झाली आहे. दहा चित्रं दाखवली, नावं विचारली. दहापैकी शून्य.

“कुठल्या भाषेत विचारली?”

“इंग्रजीत. फॉर्मवर तीच भाषा आहे.”

“दुभाषा मागवा.”

त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. “दुभाष्यांच्या सेवेत एवढ्या भाषा आहेत. ही यादीत नाही. मी तरी काय करू?”

मी अशा याद्या तपासण्याचं काम करते. जे यादीत नसतं ते ‘इतर’मध्ये जातं आणि ‘इतर’ पुढच्या पानावर रिकामं दिसतं. पण इथे रिकाम्या चौकोनात एक बाई तहानलेली होती. आणि त्या शून्याच्या जोरावर तिला स्मृतिभ्रंशाच्या बंद विभागात हलवायचं ठरलं होतं. तिथे खोलीत फोन नसतो. म्हणजे दुपारची दहा मिनिटं संपली. मी विचारलं, हलवण्यापूर्वी तिला विचारलंत का? त्या म्हणाल्या, “विचारून उपयोग काय? ती उत्तर देऊ शकत नाही.”

“शुक्रवारपर्यंत थांबा,” मी म्हटलं. त्यांनी मान्य केलं.

पाच भेटींत मी तिची सत्तेचाळीस वाक्यं फोनवर टिपली. तारीख, वेळ, त्या क्षणी खोलीत काय घडत होतं, सगळं. डगनं ऐकून एकेचाळीस वाक्यांचा अर्थ लावला. पाय गार पडले आहेत. खिडकी लावा. हा चहा नाही, हे भांडी धुतलेलं पाणी आहे. उरलेल्या सहांबद्दल डग म्हणाला, “तिथे कमी मी पडलो. ती नाही.” शुक्रवारी त्यानं सुट्टी घेतली आणि तीच दहा चित्रं त्यांच्यासमोर तिला गेलिकमध्ये विचारली. दहापैकी आठ. नववं चित्र निवडुंगाचं होतं. ती म्हणाली, असलं झाड देवानं आमच्याकडे पाठवलं नाही. दहाव्याला ती कंटाळून म्हणाली, “पुरे. मी काय पाच वर्षांची आहे?” डगनं हे सगळं त्यांना इंग्रजीत सांगितलं. प्रमुख बाई हसल्या.

बंद विभागात हलवणं रद्द झालं. डग दुपारी येऊ लागला. पण फायलीत त्यांनी एवढंच वाढवलं : ‘कुटुंबीयांच्या म्हणण्यानुसार रुग्ण परभाषेत बोलते.’ कुटुंबीयांच्या म्हणण्यानुसार! आठ गुण तिचे होते, आमचं म्हणणं नव्हतं. आणि परभाषा? ती जिच्यात पहिल्यांदा रडली ती परकी, आणि लग्नानंतर बसच्या परवान्यासाठी पक्की केली ती तिची? वरचं वाक्य खोडा, असं मी म्हटलं. नियमात बसत नाही, असं उत्तर आलं. एकदा नोंदलेलं काढता येत नाही.

त्यानंतर ती सहा आठवडे जगली.

शेवटचं पाहिलं ते एका गुरुवारी, साडेबाराला. डग कंपनीच्या निळ्या गणवेशात पलंगाशेजारी बसला होता. मांडीवर सँडविच, तिच्या ट्रेवर बटाटे. तो काहीतरी सांगत होता, बहुतेक कुणाच्या तळघरातल्या भट्टीबद्दल, कारण हातानं तो ज्वाळा दाखवत होता. ती अर्ध्या ओठानं हसत होती. मी दारात आले. डग भला माणूस. मला बघून तो लगेच इंग्रजीत म्हणाला, “ये, रेखा. आज ती छान जेवली.”

मोरागचा डावा हात उचलला गेला आणि ट्रेवर आदळला. चमचा खाली पडला. तिनं आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

डग लाल झाला. मी म्हटलं, “तू बोल. मी बसते.”

त्यानं सँडविच उचललं आणि भट्टीची गोष्ट गेलिकमध्ये पुढे सुरू केली. मध्येच तिनं त्याला थांबवून “सलन,” म्हटलं, आणि त्यानं तिच्या बटाट्यांवर मीठ घातलं. मी खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन पस्तीस मिनिटं बसले. मला सात शब्द कळले. खोलीत तिघं होतो, ती भाषा न कळणारी मी एकटी, आणि माझ्यासाठी कुणीही थांबलं नाही.